सगळ्यात मागची सायकल

"सगळे आले?"

दर रविवारी सकाळी फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी हा प्रश्न ऐकू यायचा. विचारणारे गृहस्थ बोस्नियाचे होते आणि त्यांचं मराठी तिथेच सुरू होऊन तिथेच संपायचं; बाकी सगळं बोलणं डच-इंग्रजीत. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर ठेवून, हनुवटी वर करून ते एकेकाचा चेहरा बघायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर ते खूश झाले होते.

प्रश्नाचं उत्तर 'हो' असं कधीच नसे, कारण कुणी ना कुणी "पाच मिनिटांत पोचतो" म्हणून फोनवर सांगितलेलं असे. तुम्हाला काय सांगायचं, आपल्यातला माणूस असं म्हणतो तेव्हा तो अजून आंघोळीला गेलेला नसतो. बाकीचे चिडायचे. काका चिडत नसत.

"रुस्तिख," ते म्हणायचे. हा डच शब्द, म्हणजे शांतपणे, घाई नको. "आपण थांबू."

आमच्या रांगेतलं टोकाचं घर त्यांचं. बायको वारलेली, मुलगी आर्नहेमला. फर्निचरच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. माझी त्यांची ओळख त्यांच्या कुंपणात झाली. पुणं म्हणजे एके काळचं सायकलींचं शहर, असं मी नव्या ऑफिसात सगळ्यांना ऐकवत होते. स्वतः मात्र स्कूटीशिवाय कोपऱ्यावरच्या वाण्याकडेसुद्धा गेलेली नव्हते. पहिल्याच आठवड्यात सायकलसकट त्यांच्या झुडपांत शिरले. काकांनी बाहेर येऊन आधी सायकल उचलली, चाक फिरवून पाहिलं, मग मला उचललं. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी ते कॅरिअर धरून माझ्यामागे पळत होते.

"मागे बघू नकोस. मी आहे."

एकदा मी बघितलंच. कॅरिअर त्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण पळत मात्र अजून होते.

पुढे आम्हा मराठी मंडळींचा रविवारचा सायकल गट जमला आणि काका त्यात आपसूक आले. कालव्याच्या कडेने बेस्ट नावाच्या शेजारच्या गावापर्यंत जायचं, तिथे बाकावर बसून थर्मासमधला चहा आणि डब्यातले पोहे संपवायचे, परत यायचं. काकांची जागा ठरलेली, सगळ्यात शेवटची. त्यांच्या मागे राहणं कुणालाही जमलेलं नाही. रोहिणी दर गाईचा फोटो काढायला थांबायची, तर काकाही थांबायचे आणि शेजारी उभं राहून गाय बघायचे. सुहास म्हणजे आमच्यातला सगळ्यात व्रात्य. त्याने एकदा मुद्दाम वेग कमी करत नेला, तसा काकांनीही कमी केला. शेवटी दोघंही आडवे व्हायची वेळ आली.

"काका, यू गो फर्स्ट ना यार!" सुहास ओरडला.

"नको. तू जा. मी बघतो."

वर्षभर आम्ही या गोष्टीवर हसत होतो. मग तो धुक्याचा रविवार आला.

आपल्याकडे एक पद्धत आहे. समारंभातून लवकर निघायचं असेल तर कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की आग्रह होतो आणि घोळ वाढतो, त्यापेक्षा गुपचूप सटकावं. सुहासने तेच केलं. बेस्टला चहा पिता पिता त्याला घरून फोन आला आणि तो दुसऱ्या रस्त्याने निघून गेला. आमच्या ते लक्षातही आलं नाही. परतताना कालव्याच्या पुलाशी काकांनी नेहमीसारखं "सगळे आले?" विचारलं आणि सुहास नव्हता.

"गेला असेल हो घरी, तो असाच आहे," आम्ही म्हणालो. त्याचा फोन बंद होता. काकांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आम्हाला घरी जायला सांगितलं आणि स्वतः कालव्याच्या कडेने मागे वळले. धुकं इतकं होतं की पाचव्या झाडापुढे ते दिसेनासे झाले.

दुपारी सुहासच्या घराची बेल वाजली. तो साबुदाण्याची खिचडी खात होता. दारात काका उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल, केसांतून पाणी निथळत होतं. कालव्याच्या दोन्ही काठांनी ते त्याला शोधत फिरले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी सुहासच्या खांद्यावर हात ठेवला, "बरं. आहेस," म्हणाले आणि निघून गेले. सुहास मला हे सांगताना एकदाही हसला नाही.

काकांना सर्दीतापाने गाठलं. दुसऱ्या दिवशी मी मुगाची खिचडी घेऊन गेले. अंगात ताप असताना त्यांनी माझ्यासाठी तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी उकळली आणि न विचारता बोलू लागले.

युगोस्लाव्हिया आमच्या शाळेच्या नकाशात होता, नंतर तो राहिला नाही, एवढंच मला ठाऊक. काकांच्या गावात गृहयुद्ध आलं तेव्हा सैन्य नव्हतंच. पोस्टातला कारकून, बेकरीवाला, भूगोलाचे मास्तर आणि जवळजवळ अख्खा फुटबॉल संघ आपणहून उभा राहिला. शिकारीच्या बंदुका आणि पायांत खेळाचे बूट. त्यांनी स्वतःला रेजिमेंट म्हणवून घेतलं. "नाव मोठं होतं," काका हसून म्हणाले. युद्ध संपलं तेव्हा त्यातले निम्मेही उरले नव्हते. गावात पुन्हा फुटबॉलचा संघ झाला नाही.

जंगलातून चालताना त्यांची एक रीत होती. शेवटच्या माणसाने "सगळे आहेत" म्हणायचं आणि तो निरोप एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात असा पहिल्यापर्यंत पोचवायचा. एका धुक्याच्या सकाळी डोंगर सोडून खाली यायचं होतं. वाट काकांना माहीत होती, म्हणून ते सगळ्यांत पुढे होते. शेवटी होता त्यांचा लहानपणापासूनचा मित्र, संघाचा गोलकीपर. मागे उभं राहायची सवय मलाच आहे, म्हणाला होता.

"निरोप येत होता. मग यायचा थांबला. मला हुकूम होता, थांबायचं नाही. मी थांबलो नाही." काकांनी कप खाली ठेवला. "खाली पोचून वळून पाहिलं, तर अर्धीच रांग होती."

मागे राहिलेल्यांचे अवशेष पुढच्या वर्षांमध्ये एकेक करून सापडले आणि काका दर वेळी मातीला जाऊन आले. फक्त गोलकीपर सापडला नव्हता.

"तो आला की मी मोकळा," ते म्हणाले. खिचडी त्यांनी सगळी संपवली. मी घरी येऊन ओट्याशी उभी राहून रडले.

गटातल्या सगळ्यांना मी हे सांगितलं. तेव्हापासून आमच्यात कुणी गुपचूप सटकलं नाही. सुहास तर पाणी प्यायला थांबला तरी आधी ओरडून सांगायचा.

पुढच्या शरदात बेस्टच्या त्याच बाकावर काकांचा फोन वाजला. ते उठून थोडे लांब गेले, आपल्या भाषेत दोन-तीनच शब्द बोलले आणि परत येऊन बसले. पोह्यांची वाटी हातात घेतली, पण खाल्लं नाही.

"सापडला," एवढंच म्हणाले.

ते गावी जाऊन मित्राला माती देऊन आले. आता तिथेच राहायचं ठरलं होतं, घर विकायला काढलं होतं. जाण्याआधीच्या रविवारी चक्क सगळे वेळेवर हजर होते. काकांनी चेहरे पाहिले, पण प्रश्न विचारला नाही.

"आज मी पुढे जाऊ?" ते म्हणाले.

 सुहास सायकल वळवून सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

आम्ही निघालो. मी काकांच्या बरोबर मागे होते. इतक्या रविवारांत त्यांची पाठ मी कधी जवळून पाहिलीच नव्हती. जराशी वाकलेली होती, आणि कोटाची शिवण एका खांद्यावर उसवली होती. कालव्याचा पूल ओलांडला तेव्हा मागून, लांबून सुहासचा आवाज आला, "सगळे आहेत!" ते ठरवलेलं नव्हतं. त्याच्या पुढच्याने ते उचललं, मग त्याच्या पुढच्याने, मग रोहिणीने. रोहिणी माझ्या मागेच होती.

"काका," मी म्हणाले, "सगळे आहेत."

त्यांनी एक हात वर केला. मागे वळून मात्र बघितलं नाही.