दोनशे चौदा नंबरची पिवळी ओळ

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्याकडं कुणी अंगात येण्याच्या गप्पा सुरू केल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. पेशानं डेटा इंजिनिअर… लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, दिसत नाही ते घडलंच नाही, असं मानणारी. म्हणून हे लिहायला मला दोन वर्षं लागली. आताही थोडी लाजच वाटतेय.

माझं माहेर भूम. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करत तिथं राहत होते, तेव्हा तालुक्यातल्या एका दूध संघाचं काम आलं. त्यांच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर होता. कुणाचं दूध किती आलं, फॅट किती, कुठलं गाव मागं पडतंय, हे सगळे रिपोर्ट त्याच्यावरच. ते उचलून क्लाउडवर न्यायचे, म्हणजे चेअरमन साहेबांना कुठूनही मोबाईलवर बघता येतील… एवढंच काम.

तो कॉम्प्युटर सांभाळायचे सुभानराव काका. वीस वर्षं तीच खुर्ची. नवी सिस्टीम सुरू होणार त्याच्या आदल्या दिवशी ते रिटायर झाले. त्याआधी आठवडाभर त्यांच्याजवळ बसून मी एकेक रिपोर्ट समजून घेतला. माणूस लई गोड, पण बोलायला लागले की थांबत नसत. एकदा म्हणाले, "ताई, ह्यातली काही नावं म्या सकाळी पिवळी करतो बघा, ते…" मी घाईत होते. म्हटलं, "काका, रंगाचं नंतर बघू. आधी आकडे." त्यांनी पुढचा रिपोर्ट उघडला. ते 'नंतर' काही आलंच नाही.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला मी ऑफिसात नवा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे रिपोर्ट एकत्र दिसतात ते पान, उघडला. जुना कॉम्प्युटर आदल्या संध्याकाळीच वायरी काढून पोत्यात बांधला होता, कोपऱ्यात माझ्यासमोर पडलेला. साडेदहाला चेअरमन साहेबांबरोबर मीटिंग होती. सकाळच्या दुधाची यादी आली… सगळ्या ओळी पांढऱ्या आणि मधेच एक पिवळीधमक. सभासद नंबर दोनशे चौदा. दूध शून्य.

आता शून्य दूध काही नवलाचं नाही. त्या दिवशी तीसेक जणांचं शून्य होतं. म्हैस आटते, घरात लग्न असतं. बाकीच्यांच्या ओळी पांढऱ्याच होत्या. आणि मुळात रंग बदलण्याचा नियम मी कुठं लिहिलाच नव्हता. रिफ्रेश केलं, पिवळी. लॉगआउट करून परत आले, पिवळी. मोबाईलवर उघडलं… तिथंही. माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्यानं जाता जाता काहीतरी घुसवलंय, अशा तावात काकांना फोन लावला.

"काका, तुम्ही सिस्टीममध्ये काही केलंय का? एक ओळ पिवळी दिसतेय."

"म्या कशाला करू? मला तर पासवर्ड बी न्हाय." मग, "कितवा नंबर?"

"दोनशे चौदा."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ताई, स्कुटी घेऊन घरी या. आत्ता. मीटिंग ऱ्हाऊ द्या."

त्यांचा आवाज ऐकून मी वाद घातला नाही. वाटेत मागं बसून ते सारखे कुणाला तरी फोन लावत होते, कुणी उचलत नव्हतं. दोनशे चौदा म्हणजे रामलिंग अप्पा. बायको वारलेली, मुलगी मुरुमला दिलेली. शेतातल्या वस्तीवर एकटेच, सोबतीला एक म्हैस.

"असे एकटे ऱ्हाणारे सतरा जण हायत," काका सांगत होते. "त्यातल्या कुणाचं दूध आलं न्हाय की म्या त्याचं नाव पिवळं करायचो आन फोन लावायचो. उचलला न्हाय तर जाऊन यायचो. पिवळं पुसल्याबिगर च्या घेत नव्हतो."

"हे मला का नाही सांगितलं?" असं अगदी तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. गिळलं.

अप्पा गोठ्यात पडलेले होते. पहाटे म्हशीनं ओढलं, पाय घसरला, खुबा मोडला. फोन घरात. एप्रिल होता, वरचा पत्रा तापायला लागला होता. ओठ पार कोरडे, पण शुद्धीवर होते. काकांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, मी पाणी पाजलं. शेजारच्या रानातल्या एकाच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, दुपार झाली असती तर अवघड होतं. मी तिथंच बाकावर बसून रडले. माझ्या एका वाक्यानं माणूस जाणार होता.

नंतर सगळं तपासलं. नियम नाही. लॉगमध्ये नोंद नाही. काकांच्या जुन्या फाईलमधले रंग मी आणलेच नव्हते, आणि आणले असते तरी काय… आदल्या दिवसापर्यंत अप्पांचं दूध रोज येत होतं, म्हणजे त्यांचं नाव तिथंही पांढरंच असणार. क्लाउडवाल्यांच्या सपोर्टला लिहिलं, त्यांनी चार प्रश्न विचारून तक्रार बंद केली. आम्ही दवाखान्यातून परत आलो तेव्हा ती ओळ पांढरी झाली होती. आता तो नियम मी स्वतः लिहिलाय, सतरा जणांसाठी, आणि काका रोज सकाळी घरी मोबाईलवर बघतात. पण त्या दिवशी ती ओळ कुणी रंगवली, ते मला आजही माहीत नाही.

मनातून जात नाही ते मात्र वेगळंच. ऑपरेशननंतर भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, "अप्पा, इतका वेळ एकटे पडला होतात, भीती नाही वाटली?"

"कशाची भीती?" अप्पा म्हणाले. "दूध गेलं न्हाय म्हणल्यावर सुभानराव बघंलच की. मग उगं वरडून दम कशाला घालवायचा? पडून ऱ्हायलो."

काका खिडकीकडं बघत होते. त्या सकाळी यादी बघायला ते खुर्चीत नव्हतेच, हे आम्ही दोघांनीही अप्पांना अजून सांगितलेलं नाही.