तपासणीच्या दिवसाची गोळी

घाटकोपरच्या आमच्या टेकडीचा चढ सुमनमावशी कधी एका दमात चढल्या नाहीत. मध्येच थांबायच्या आणि समोर दिसेल तिला धरायच्या. "जेवलंस काय गो? तुझो घोव इलो काय गावाकडसून?" वस्तीला वाटायचं, मावशी बोलघेवड्या आहेत. चालताना पोटऱ्या दगडासारख्या होतात आणि थांबलं की सुटतात, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्याजवळ एकदा पुटपुटल्या, "वयाचा दुखणा ह्या, झिला."

मी सांगोल्याकडच्या शाळेतून इथे कॉलेजला आलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मावशी डबे करून द्यायच्या. मला मात्र घरात बसवून वाढायच्या. परीक्षेच्या दिवसांत माशाचा मधला तुकडा माझ्याच ताटात यायचा. मी पदवीधर झालो त्यात त्या ताटाचा वाटा मोठा आहे.

त्यांना ब्लड प्रेशर होतं. गोळी रोजची होती, पण त्या घ्यायच्या फक्त तपासणीपुरती. पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो, तशी ती तयारी असे. आधीचे काही दिवस गोळी सुरू, सुकी मासळी बंद, लोणचं बंद. आकडा चांगला यायचा. डॉक्टर खूश, मावशी त्याहून खूश. "बघ, पास झालंय."

"मावशी, रोज घ्या ना."

"माका काय धाड भरली हा? डोका दुखत नाय, चक्कर नाय. उगाच कित्याक गोळी खाव?"

मग एकदा चढावर त्या मटकन खाली बसल्या. मी त्यांना तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तयारीला वेळ मिळालाच नाही. आकडा बघून डॉक्टरांनी तो पुन्हा मोजला. पायांची नाडी चाचपली, तपासण्या केल्या. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या.

"प्रेशरचो नि पायाचो काय संबंध?" मावशींनी विचारलं.

"वाढलेलं प्रेशर वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा करतं," डॉक्टर म्हणाले. "तिथे चरबी साचत जाते. मग चालताना पायाला रक्त कमी पडतं. पायात झालंय म्हणजे हृदयातही झालेलं असू शकतं. यात आधी काही दुखत नाही, मावशी. म्हणून तर गोळी रोज घ्यायची."

त्या दिवसापासून मावशी रोज गोळी घेऊ लागल्या. पण आधीच्या वर्षांनी व्हायचं ते करून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाल्या, "आता तर मी रोज घेत होतंय रे." त्यातून त्या उठल्या नाहीत.

गावी माझ्या आईलाही प्रेशर आहे. कामावर निघण्याआधी मी तिला फोन करतो.

"आई, गोळी घेतलीस?"

"आरं, कालच तर घेतली की."

"आजची घे."

"घेते मागनं. चूल पेटलीया."

"आत्ता घे. मी फोनवर आहे."

रोज हेच. तिलाही कंटाळा येतो, मलाही येतो. पलीकडे तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज येतो, मग घोट. तो ऐकला की मी फोन ठेवतो.