साडूभाऊंचा हिना आणि माझे हात

माझ्या थोरल्या साडूंनी माझ्या दोन हातांचा जितका दुरुपयोग केला, तितका या जगात कोणी दुसऱ्याच्या हातांचा केला नसेल. वेठबिगार बंद झाली असं मी वर्गात मुलांना शिकवत होतो, आणि शिकवताना माझ्या डाव्या मनगटावर केवडा, उजव्या मनगटावर वाळा आणि कोपराच्या आतल्या बाजूला मोगरा अशी वेठ चालू असायची. बदली होऊन मी किहीमला मास्तर म्हणून आलो तेव्हा बायको आनंदली होती, की तिची थोरली बहीण आता चार घरं सोडून राहणार. मला त्यातला धोका कळला नाही. साडूभाऊंची नारळी-पोफळीची वाडी होती, ती गडीमाणसं पाहत. स्वतः साडूभाऊ अत्तरं हुंगत. दुसरं काही करताना मी त्यांना पाहिलेलं नाही. रागावणं सोडून. आणि ते तर हुंगता हुंगताच चालायचं.

त्यांचा पहिला राग बाटलीला नाक लावणाऱ्यांवर. "बाटलीत काय हुंगता? नवरी बघायला जाऊन डोलीच हुंगाल!" अत्तर खरं बोलतं ते कातडीवर, आणि तेही सवडीनं, हा त्यांचा सिद्धांत. प्रत्येक अत्तराला येणं, बसणं आणि राहणं असतं. केवडा म्हणजे दारातूनच आरडाओरडा करत येणारा पाहुणा. तो घरात टेकला की मग माणसासारखा बोलतो. गुलाब गोड, पण पाय न टेकणारा. अर्ध्या तासात तो चपला घालतो, आणि मागे राहतं ते ज्यात त्याला उतरवलेलं असतं ते चंदन. "लोक चंदनाला गुलाब म्हणून मिरवतात, गाढव लेकाचे!" वाळा आधी काहीच बोलत नाही, घाम फुटला की ओल्या पडद्यासारखा गार वास सोडतो. मोगरा दुपारपर्यंत देवघरात असतो आणि संध्याकाळी, कातडी वाईट असेल तर, निर्माल्यात. आणि हिना? हिन्याचं नाव निघालं की साडूभाऊ आवाज खाली आणत. हिना येतो तेव्हा वैद्याच्या खोलीसारखा कडवट येतो. अडाणी माणूस तिथंच नाक मुरडून हात पुसतो. पण जो थांबतो त्याला तासा-दोन तासांनी कळतं की आत काय होतं. "थांबायला लागतं, मास्तर. हल्ली कोणी थांबत नाही." दोन मनगटं एकमेकांवर घासणारा माणूस तर त्यांच्या लेखी खुनी होता. एका मुंजीत त्यांनी मामलेदार कचेरीतल्या एका अव्वल कारकुनाला भर पंक्तीत सुनावलं, "अहो, ते अत्तर आहे, तंबाखू नव्हे!"

आता एवढा मोठा सिद्धांत तपासायचा तर कातडी हवी. त्यांची स्वतःची कातडी, त्यांच्याच शब्दांत, अत्तर खायची. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हात द्यायचं नाकारलं होतं. अत्तर बसत असताना घरात फोडणी द्यायची नाही असा हुकूम असल्यामुळे त्या आधीच पेटलेल्या असत. "ह्यांचं लग्न बाटलीशीच लावून द्यायला हवं होतं," त्या म्हणत. "मी उगाच मध्ये आले. आणि फोडणी न देता वाल कसे करायचे ते तुमच्या हिन्यालाच विचारा!" मग उरलो मी. मी आल्यावर आठवड्याभरात साडूभाऊंनी माझा हात धरला, त्यावर अत्तराचा फाया फिरवला, मला ओटीवर दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि शेवटी डोळे मिटून म्हणाले, "वा! लाखात एक. मास्तर, तुमच्या कातडीला स्वतःचं असं काही मतच नाही." ही माझी त्यांच्याकडून झालेली सर्वांत मोठी स्तुती. मी मुळात भिडस्त. नको म्हणताना मलाच अपराधी वाटतं. त्यामुळे त्या दिवसापासून माझे हात माझे राहिले नाहीत. धुवायचे नाहीत, कोणाशी हस्तांदोलन करायचं नाही, आमटीत बुडवायचे नाहीत. आमटी हाताला न लावता भात कसा कालवायचा असं मी विचारलं, तर म्हणाले, "डाव्या हातावर लावलंय, तो पाठीमागे ठेवा. एवढंही कळत नाही?" आणि काय वास आला ते मी सांगायला गेलो की ते खेकसत, "तुम्ही बोलू नका. तुम्ही हात आहात."

शाळेत माझी शोभा झाली ती वेगळीच. एकदा तपासणीला डिप्टीसाहेब आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "मास्तर, आपण वर्गावर आलात की बैठकीला?" मुलं खुदखुदली. मी मान खाली घालून भागाकार पुढे चालवला. तेवढ्यात खिडकीच्या गजांतून साडूभाऊंचं नाक आत आलं. नाकामागोमाग हुकूम आला: "हात!" मी डिप्टीसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण मी उठलो आणि खिडकीशी जाऊन हात दिला. साडूभाऊंनी हुंगला, जरा थांबले, पुन्हा हुंगला. "अजून नाही बसला. मधल्या सुट्टीत येतो," म्हणून ते निघून गेले. त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात 'हात वर करा' म्हटलं की मागच्या बाकावरचं एखादं कार्टं तो खिडकीकडे करायचं.

अत्तरं आणायला ते महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईला जात आणि रेवसच्या लाँचनं परत येत. दारूबंदीचे दिवस होते. धक्क्यावर शिपाई पिशव्या तपासायचा. एकदा त्यानं साडूभाऊंच्या पेटीतली कुपी उघडून नाकाशी नेली, आणि म्हणाला, "ह्यात दारू हाय का?" त्यांना उतरवून घ्यायला गेलेला मी शेजारी उभा होतो, तो एक पाऊल मागे सरलो. साडूभाऊ थरथरायला लागले, ते भीतीनं नव्हे. "दारू? दारू विलायती सेंटात असते! हे चंदनावर उतरवलेलं अस्सल अत्तर! आणि बाटली हुंगून काय कळणार तुला? हात कर पुढे!" शिपायानं गोंधळून हात पुढे केला. साडूभाऊंनी त्यावर फाया फिरवला आणि त्याला हलू देईनात. "आता थांब. बसू दे. मग सांग दारू आहे का." मागे उतारू खोळंबले. सुकटीची टोपली डोक्यावर घेतलेली एक कोळीण ओरडली, "ओ शेट, सरा की बाजूला! त्याला काय हलद लावताव काय?" साडूभाऊ फिरले आणि म्हणाले, "बाई, ती टोपली जरा वाऱ्याच्या पलीकडे धर. वास मिसळतोय." झालं! "माजा वास मिसलतंय? तुजी बाटली तिकरं ने! माजे म्हावऱ्यानी चार पोरां वारवली. तुजे बाटलीनी कोनाचा प्वाट भरला रं?" अख्खा धक्का हसला. मी मेल्याहून मेलो. साडूभाऊ मात्र तिच्या हाताकडे बघत राहिले आणि परतीच्या टांग्यात हळहळले, "मिठात मुरलेली कातडी, मास्तर. तिच्यावर केवडा कसा बसला असता! विचारायला हवं होतं." विचारलं असतं तर टोपलीसकट ती आमच्यावर बसली असती, हे मी बोललो नाही.

एका बाबतीत मात्र मी धीर करून बोललो होतो. त्यांच्या शिसवी पेटीत सगळ्या कुप्या एकसारख्या, एका मापाच्या, आणि एकीवरही नाव नाही. मी म्हटलं, "साडूभाऊ, चिठ्ठ्या लावून ठेवा. मी सुवाच्य अक्षरात लिहून देतो." ते असे भडकले की ताई आतून बाहेर आल्या. "चिठ्ठ्या? मी काय औषधवाला आहे? तुम्ही तुमच्या बायकोला चिठ्ठी लावून ओळखता काय?" ह्या पेटीतच त्यांचा जुना हिना होता. एकुलती मुलगी झाली त्या आठवड्यात मुंबईहून आणून त्यांनी तो बाजूला ठेवला होता, तिच्या लग्नात सीमांतपूजनाला व्याह्यांच्या हाताला लावायचा म्हणून. हिना जितका जुना तितका सखोल. हे त्यांनी गावात इतक्या वेळा सांगितलं होतं, की मुलीच्या लग्नापेक्षा लोक त्या हिन्याचीच वाट बघत होते. "व्याही दिवसभर हात नाकाला लावून बसले नाहीत तर माझं नाव बदला," असं ते म्हणत.

मुलीचं लग्न ठरलं त्याच वर्षी पावसाळ्यात तापाची साथ आली. साडूभाऊ त्यातून उठले ते वाळून. त्यानंतर त्यांचा हुकूम जरा बदलला. पूर्वी ते मला बोलू देत नसत, आता फाया फिरवून विचारत, "काय येतंय?" मला वाटलं, परीक्षा घेताहेत. संतापच आला. इतकी वर्षं हात होतो, आता विद्यार्थी झालो! मी तुटक उत्तरं देत होतो, आणि ते चक्क ऐकून घेत होते. ताई भर सकाळी लसणीची फोडणी देत आणि ओटीवरून हूं की चूं येत नसे. माणूस निवळला, असं समजून मी मनातून सुखावलो होतो. मग एकदा सकाळी मी कंदिलात रॉकेल भरत असताना त्यांचा निरोप आला. मी तसाच, रॉकेलनं ओले झालेले हात पंच्याला पुसून गेलो. म्हटलं, आज चांगला कडाका उडणार. साडूभाऊंनी आदल्या दिवशी लावलेल्या हिन्याचा हात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा. चांगला राहिलाय." हे तेच साडूभाऊ, ज्यांना तीन घरांपलीकडे कोणी उदबत्ती लावली तर शिंका येत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, "हो, चांगला राहिलाय."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मांडवात धावपळ चालू असताना त्यांनी मला माजघरात बोलावलं. पेटी पुढे ठेवलेली. "मास्तर, यातला जुना हिना तेवढा काढून ठेवा. माझे हात ओले आहेत." त्यांचे हात कोरडे होते. एवढं बोलून ते बाहेर गेले आणि मांडववाल्यावर विनाकारण ओरडायला लागले.

मी पेटी उघडली. सगळ्या कुप्या माझ्याकडे मुक्यानं बघत होत्या. त्या चिठ्ठ्यांवरून मला पुन्हा एकदा मनस्वी चीड आली. केवडा, मोगरा, वाळा सहज वेगळे निघाले. पण हिने निघाले चार, आणि चारही वैद्याच्या खोलीसारखे कडवट. बाटलीत त्यांच्यात काही फरक नव्हता. चुकीचा लावला असता तर व्याह्यांना कदाचित कळलंही नसतं. पण दुपारी गावातला कोणी तरी म्हणाला असता, "हाच का तो?" आणि साडूभाऊंना, त्याला उत्तर द्यायला, स्वतःचं नाक नव्हतं. मी दोन मनगटांवर आणि दोन कोपरांच्या आत एकेक फाया फिरवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता ओटीवर हात पसरून बसलो.

लग्नघरात धडधाकट माणसानं हात पसरून बसणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नारळ सोलायला बोलावलं, गेलो नाही. पत्रावळी मोजायला बोलावलं, गेलो नाही. शेवटी बायको कमरेला पदर खोचून आली. "सगळे राबताहेत आणि तुम्ही इथं काय करताय? भावोजींची बाधा झाली का?" तिला खरं सांगावं असं फार वाटलं. मी तिच्यापासून काही लपवत नाही; लपवलं तर झोप येत नाही. पण ते गुपित माझं नव्हतं. "बसू दे जरा," एवढंच म्हणालो. "बसा!" ती म्हणाली. "जन्मभर बसा!"

दुपार कलली. एका मनगटावरचा हिना विटला. दुसऱ्यावर नुसतं चंदन उरलं. डाव्या कोपरातला गोडसर झाला, पण उथळ. उजव्या कोपरातला मात्र कुठंतरी आत उतरत गेला होता. कडवटपणा सगळा गेला होता. राहिली होती एक कोरडी ऊब, ओव्याच्या धुरीची, शेगडीची, बाळंतिणीच्या खोलीत दार ढकलल्यावर अंगावर येते तशी. मी पुन्हा पुन्हा नाक लावलं. शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सीमांतपूजनाला मी ती कुपी साडूभाऊंच्या हातात दिली. "ही घ्या, तुम्ही काढून ठेवलेली." त्यांनी ती न हुंगता फाया भिजवला आणि व्याह्यांच्या हातावर फिरवला. व्याह्यांनी लगेच हात नाकाशी नेला आणि भिडेखातर म्हणाले, "छान आहे." साडूभाऊ तडकले, "आत्ता काही बोलू नका! मुहूर्ताला हुंगा!" ते ऐकून मला बरं वाटलं. गोरजमुहूर्ताला अक्षता पडल्या, आणि मी पाहिलं, तर व्याही हात नाकापासून काढत नव्हते. शेजाऱ्याला तो हुंगायला देत होते. गावातली म्हातारी मंडळी रांगेनं येऊन हुंगत होती.

साडूभाऊ गर्दीतून माझ्याकडे आले. सवयीनं त्यांनी माझा उजवा हात उचलला, आणि मग तो नाकापर्यंत नेलाच नाही. हलक्या आवाजात विचारलं, "कसा झालाय हो?" मी म्हटलं, "बाळंतिणीच्या खोलीसारखा. धुरीची ऊब असते तसा." ते मुलीकडे बघत होते. "मग तोच," ते म्हणाले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तो विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही. संध्याकाळी ते माझ्या ओटीवर येतात, माझ्या हातावर फाया फिरवतात आणि झोपाळ्यावर बसतात. नाक नसलं तरी घड्याळ त्यांच्या पोटात आहे. "आता पहिला दंगा ओसरला असेल," ते म्हणतात. मी हुंगून म्हणतो, "ओसरला." "मग आता मध येत असेल." मी पुन्हा हुंगतो. "मध नाही, गूळ वाटतोय." झालं! "गूळ? हिन्यात गूळ? मास्तर, इतकी वर्षं फुकट घालवलीत माझी! नाक आहे की गिरणीचं धुराडं?" ज्याला घर पेटलं तरी कळायचं नाही, त्या माणसानं माझ्या नाकाला नावं ठेवावीत! मला असा संताप येतो की मी ताडकन उठून हात धुवायला विहिरीवर जातो. पोहरा ओढतो. तेवढ्यात ओटीवरून आवाज येतो, जरा घाबरा: "मास्तर, धुवत तर नाही ना?"

मी पोहरा केळीच्या बुंध्यात ओततो आणि परत येऊन बसतो. "मधच आहे," मी म्हणतो.

साडूभाऊ झोपाळ्याला पायानं रेटा देतात. "असेल," ते म्हणतात, "थोडा गूळही असेल."