लाल रेघ डावीकडे वळली

ही केस माझ्या डोक्यातून कधी गेलीच नाही, आणि खरं सांगू, जाऊही नये. तीस-बत्तीस वर्षं खाकी घातली. पण अभिमान कशाचा वाटतो असं कुणी विचारलं, तर मी हीच केस काढतो. घरचे म्हणतात, झालं, सुरू झाले साहेब. होऊ दे सुरू.

नव्वदीची मधली वर्षं. मी नवा नवा पीएसआय. ठाणे-बेलापूर रोडवर, दिघ्याजवळ, अंधार पडता पडता एका कामगाराला गाडीने उडवलं आणि गाडी पळाली. माणूस हॉस्पिटलात, शुद्ध नाही. स्पॉटजवळच्या पानटपरीवाल्याचा जबाब घेतला. म्हणाला, "मागचा एकच लाल लाइट पेटलेला टेम्पो गेला साहेब, आणि धाडकन आवाज."

दुसऱ्या दिवशी एकच लाल लाइट पेटणारा टेम्पो सापडला. ड्रायव्हर मूळचा मराठवाड्याचा, दिघ्यातल्या चाळीत राहणारा. कलम जामीनपात्र होतं, पण त्याला जामीन राहायला कुणी तयार नव्हतं, आणि केस लागली तर चावी परत मिळणार नाही असं मालकाने कळवून टाकलं होतं. म्हणजे लॉकअपमधून सुटला तरी बाहेर पोटाला काही नाही.

त्याचं म्हणणं एकच. "मी अलीकडच्या कंपनीच्या गेटात डावीकडं वळलो. पुढं गेलोच नाही." आम्ही त्या गेटवर गेलो. रजिस्टरमध्ये नोंद नाही. गेटवरचा वॉचमन जवळच्याच गावचा. म्हणाला, "गेट बंद व्हता साहेब. मी कोनाला बघितला नाय." झालं. केस क्लिअर. माझे हवालदार म्हणाले, "चला, चार्जशीट लिहायला घ्या, फुकट डोकं नका लावू."

ड्रायव्हरची बायको रोज स्टेशनला येऊन बाकावर बसायची. रडायची नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभी राहिली. "साहेब, माझ्या माणसाला खोटं बोलता येत नाही. येत असतं तर इतकं अडखळत बोलला नसता. नीट रचून सांगितलं असतं." हवालदार हसले. मला मात्र ते टोचलं, कारण बाई बरोबर बोलत होती. रचलेला जबाब गुळगुळीत असतो.

त्याच दिवशी आमच्या खबऱ्याचा फोन. एक माणूस आठवडाभर संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर चढतो, तिपाईवर कॅमेरा लावतो, कंपन्यांचे फोटो काढतो. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतरचे दिवस, कसे होते ते तुम्हाला माहीत आहेच. उचलून आणला. चाळिशीचा माणूस, सीबीडी बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क, मूळचा उरणजवळच्या मोऱ्याचा, कोकणी मुसलमान. नाव ऐकून हवालदारांचा आवाज चढला. मीही सुरुवातीला नीट वागलो नाही, ते कबूल करतो.

"कंपन्यांचे फोटो कशाला?"

"कंपन्यांचे नाही साहेब. रस्त्याचे. गाड्यांचे."

बॅगेत लॅबचं पाकीट. प्रिंट बघितले तर छत्तीसच्या रोलचे जेमतेम वीस. बाकीचे कुठे लपवले? तो ओशाळला. "लॅबवाला काढत नाही. शेक झालेत म्हणतो, तुमचे पैसे वाया जातील म्हणतो."

त्या काळी लॅबवाले असंच करायचे. हललेला फोटो दिसला की गिऱ्हाइकावर उपकार म्हणून गाळून टाकायचे. "पण ते शेक नाहीत," तो म्हणाला, आणि एकदम खुर्ची पुढे ओढून बसला. भीतीच गेली त्याची. शंभर स्पीडचा रोल, अॅपर्चर, भिंगाचं तोंड, अकरावर बारीक, शटर बी वर. म्हणजे बटण दाबून धरलंय तोवर पडदा उघडा. वीस आकडे मोजायचे. तेवढ्यात गाडी निघून जाते, फोटोत गाडी येत नाही, तिच्या दिव्याची रेघ उरते. शटर फास्ट ठेवलं तर अंधारात काहीच येत नाही. अॅपर्चर जास्त उघडलं तर रस्त्यावरचे दिवेच सगळं धुऊन टाकतात.

हवालदार म्हणाले, "याला चहा द्या, नाहीतर थांबायचा नाही."

त्याच्याकडे वही होती. प्रत्येक फोटोचं अॅपर्चर, किती सेकंद, किती वाजता, सगळं लिहिलेलं. शिकणारा माणूस लिहितो तसं. मी अपघाताची वेळ शोधली. चौदा आणि पंधरा नंबर. दोन्ही लॅबने गाळलेले.

निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली. रंग उलटे, काही समजेना. शिपायाला लॅबमध्ये पिटाळलं. लॅबवाला त्यालाही म्हणे, "खराब आहेत हो, कशाला काढता?" शेवटी काढले.

चौदा नंबर. रस्त्यावर एकच लाल रेघ. तिच्या बाजूला पिवळे तुटक तुटक ठिपके. रेघ गेटापाशी येते आणि डावीकडे वळते, आत जाते. "हे ठिपके काय?" "इंडिकेटर साहेब. पेटतो, विझतो." मी हातातला चहा ठेवून दिला. आमच्या डायरीत त्या टेम्पोच्या पंचनाम्यात लिहिलेलं होतं, मागचा एक दिवा बंद, इंडिकेटर चालू.

पंधरा नंबर. दोन लाल रेघा आणि वर, उंच, एक हिरवी. स्पॉटवर लाल रेघ जाड होते, मग एका जागी लाल गोळा, मग पुन्हा रेघ. क्लार्कसाहेब म्हणाले, "ब्रेक मारला. उभा राहिला. मग गेला." हवालदार फोटोवर वाकले. "टपावर हिरवा दिवा. खदानीतला डंपर आहे हा, मी बघितलाय."

आधी वॉचमन. फोटो समोर ठेवला आणि सांगितलं, "विचारतोय मी, तुझी कंपनी नाही. नोंद केली नाहीस ते माझ्यापाशीच राहील." मग म्हणाला, "वलकीचा हाय तो. रोजचा. लिवला नाय. तासभर आतच व्हता साहेब, माल भरत. नोकरी जाईल म्हनून बोललो नाय." वैर नव्हतं, लाच नव्हती. एक ओळ लिहायची राहिली, एवढंच.

मग डंपरवाला. बंपर धुतलेला, कोपरा चेपलेला, आणि हा ठाम, मी त्या रस्त्याने गेलोच नाही. मी आवाज चढवला नाही. एकच विचारलं, "ब्रेक मारून उभा राहिलास, तेव्हा खाली का नाही उतरलास?" त्याचा चेहराच उतरला. "साहेब... तुम्ही होता काय तिथं?" आणि मग सगळं बोलला. उतरायची हिंमत झाली नाही म्हणाला.

टपरीवाल्याला पुन्हा बोलावलं. तोही खोटारडा नव्हता. टेम्पो टपरीवरून पुढे जाताना बघितला, गेटात वळायच्या आधीच पान लावायला खाली वाकला, मग आवाज. दोन्ही त्याने मनात जोडले. साक्षीदार बघतो कमी आणि जोडतो जास्त, हे मी त्या दिवशी शिकलो. दुसरंही शिकलो. घाबरलेल्या माणसाला आधी त्याचं काय बिघडणार नाही ते सांगावं, मग प्रश्न विचारावा. पुढे कित्येक केसेस याच दोन गोष्टींवर उभ्या राहिल्या.

कोर्टात डंपरवाल्याचे वकील म्हणाले, या फोटोत गाडीच नाही. मग क्लार्कसाहेबांनी पिंजऱ्यात उभं राहून शटर, अॅपर्चर, वीस आकडे, सगळं समजावलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी फोटो दोनदा मागून घेतला. मी मागे उभा होतो आणि वर्गात आपलाच पोरगा पहिला आल्यासारखं वाटत होतं. कामगारही तोवर कुबडी घेऊन चालायला लागला होता.

टेम्पोवाल्याला चावी परत मिळाली. वर्षभराने त्याच्या पोरीच्या बारशाला गेलो. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चौदा नंबर, फ्रेम करून. क्लार्कसाहेबांनी मोठा करून दिलेला. एक पाहुणी विचारत होती, हे काय गं, नुसती रेघ? बाळाला खांद्यावर थोपटत टेम्पोवाल्याची बायको म्हणाली, "हे आमचे मालक. वळतायत."