खड्डूची केबिन

आमच्या दादाला कुणाचं रडणं ऐकवत नसे, आणि त्याचं पोटही त्यावरच चालायचं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याशा इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये कुणी अडकलं, आतून दार बडवायला लागलं, की हा हातातला घास टाकून पळायचा. पोचल्यावर आधी दाराला तोंड लावून बोलायचा, "मी आलोय. आत हवा आहे, घाबरू नका. आता वर मोटरच्या खोलीत जातोय, तोवर माझा आवाज येणार नाही." जेवढं खरं तेवढंच सांगायचं, हा त्याचा नियम. नवे मेकॅनिक "झालंच, झालंच" करत वेळ मारून न्यायला लागले, की तो त्यांच्यावर जाम उखडायचा.

वहिनी गेल्यापासून तो एकटाच होता. मूलबाळ नाही. मी त्याची धाकटी बहीण, औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी असते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आणि मला कुत्र्यांची मुळीच आवड नाही, हे आधीच सांगून टाकते.

खड्डू त्याला लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो ना, त्यात सापडला. साचलेलं पाणी उपसायला दादा खाली उतरला, तर कोपऱ्यात तेलाने माखलेलं हे एवढंसं काळं पिल्लू. डोक्यावरून लिफ्ट वर जातेय, खाली येतेय, आणि हे भिंतीला चिकटून बसलेलं. किती वेळ होतं देव जाणे. दादाने त्याला शर्टात गुंडाळून घरी नेलं आणि मला फोन केला, "ठमे, पाहुणा आलाय." लहानपणापासून मी त्याची ठमी.

पाहुण्याला बंद दाराची दहशत होती. न्हाणीघराचं दार नुसतं लोटलं तरी तो जागच्या जागी मुतायचा. दादाने घरातली सगळी दारं सताड उघडी ठेवली आणि दिवसभर फडकं घेऊन फिरायला लागला. मी म्हटलं, "म्हातारपणी बरा उद्योग लावून घेतलास."

मग जिना चढताना दादालाच धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप पार खराब झाली होती, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते मी पोटात ठेवलं. दादाने काही खोदून विचारलं नाही. "खड्डूचं काय?" एवढंच म्हणाला.

खड्डूचं काय, म्हणजे अर्थात मी. दुसरं होतं कोण? पण माझी घरमालकीण खालच्याच मजल्यावर राहते आणि तिचे कान घारीच्या डोळ्यांसारखे. तिने बजावलं, "कुत्रं ठेवा, पण रडण्याचा आवाज आला तर त्याच दिवशी बाहेर." नाहीतर मग शहराबाहेरचं बेवारस कुत्र्यांचं घर. ते बघायला दादा गेला आणि आतली ओरड ऐकून फाटकातूनच परत आला. मी दुकानात असताना खड्डूने माझ्या घरात गप्प बसायला हवं होतं, नाहीतर त्याची रवानगी ठरलेली. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिंजऱ्याची सवय लावा, त्याला तीच आपली जागा वाटू दे.

दादाने तारेचा पिंजरा आणला. त्याला पिंजरा म्हणायचं नाही, लिफ्टची असते तशी केबिन म्हणायचं, असा हुकूम सुटला. बिजागऱ्यांना तेल घातलं, कडी घासून गुळगुळीत केली, तळाला जुनी शाल अंथरली. "आता आरसा आणि पंखा तेवढा लाव," मी म्हटलं. दार उघडं ठेवून आधी उंबऱ्याशी खाऊ, मग थोडा आत, मग पार कोपऱ्यात. खड्डू मान लांब करून खाऊ पळवायचा, मागचे पाय मात्र बाहेर रोवलेले. हळूहळू पायही आत गेले. मग दादाने दार लावलं. खड्डूने गळा काढला आणि दादाने तत्क्षणी कडी काढली.

हे असंच चालू राहिलं. तो रडला की हा उघडणार. जन्मभर ज्याने दाराआडची हाक ऐकून धावायचंच काम केलं, तो दुसरं काय करणार? दुसरा कुणी असता तर निदान खुर्चीतून उठायला वेळ लावला असता. खड्डू पक्का शिकला, की गळा काढला की दार उघडतं. तो आता दार लावायच्या आधीच रडायला लागला.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "काका, तुम्ही त्याला रडायला शिकवलंत! क्षणभर गप्प होऊ दे, मग उघडा."

त्या दिवशी दादा बाहेर जिन्यावर बसला होता आणि मी शेजारी. आत खड्डू जीव तोडून रडत होता. तो दोनदा उठला, दोनदा मी त्याला बाही धरून खाली बसवलं.

"ठमे, माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"मग ने त्याला त्या कोंडवाड्यात!" मी ओरडलेच.

तो बसून राहिला. "दाराआड कुणी रडतंय आणि मी आपला बसलोय, असं कधी झालं नव्हतं गं," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. वहिनीच्या वेळीही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला त्या कुत्र्याचा आणि त्या झडपेचा भयंकर राग आला.

मग आत शांत झालं. दादा धडपडत गेला, कडी काढली, आणि खड्डू त्याच्या अंगावर चढला. तिथून गाडी रुळावर आली. दादा निघताना "आलोच" म्हणायचा आणि खरंच यायचा. आधी दारापर्यंत जाऊन, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग दवाखान्यात जाऊन. गेलेला माणूस परत येतो, हे त्या पिल्लाच्या डोक्यात बसलं. पुढे केबिन माझ्या घरी आली आणि मीही "आलेच" म्हणायला शिकले. एक दिवस घरमालकिणीने विचारलं, "कुत्रं दिलंत वाटतं कुणाला?" हे ऐकून दादा असा खूश झाला, जसं काही खड्डूला सरकारी नोकरी लागली.

ऑपरेशनसाठी निघायच्या दिवशी दादा माझ्याकडे आला. खड्डू आपणहून केबिनमध्ये जाऊन बसला. दादाने तारेतून बोट घालून त्याचं नाक खाजवलं, कडी लावली, आणि काही न बोलता वळला.

जिन्यात मी त्याला गाठलं. "आलोच म्हणाला नाहीस त्याला?"

"डॉक्टरांनी तुला सांगितलं, तेच मलाही सांगितलंय."

"कुत्र्याशी खोटं बोललं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तो विश्वास ठेवतो गं," दादा म्हणाला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागला. हॉस्पिटलात स्ट्रेचरवरून वर नेताना त्याने लिफ्टमनला दरडावलं, "ब्रेक घासतोय तुमचा, बघून घ्या." माझ्या कानांनी ऐकलेलं त्याचं शेवटचं वाक्य ते. ऑपरेशनच्या टेबलावरच तो गेला.

सगळं उरकून मी घरी आले, तेव्हा घरमालकीण जिन्यात उभी होती. डोळे पुसत म्हणाली, "दिवसभर हूं की चूं नाही हो त्याचं. फार गुणी आहे." मला वाटलं, रडला असतास तर बरं झालं असतं रे. कुणीतरी घर डोक्यावर घ्यायला हवं होतं.

मी कडी काढली. खड्डू बाहेर आला नाही. माझ्या मागे, उघड्या दाराकडे बघत बसून राहिला. मी थांबले, शेजारी खाऊ ठेवला, तरी तो हलेना. शेवटी मी तशीच चपलांसकट जमिनीवर बसले. काहीतरी गोड बोलून त्याला बाहेर काढावं असं वाटत होतं, पण दादाच्या केबिनसमोर बसून खोटं बोलायला जीभ रेटेना.

"खड्डू," मी म्हटलं, "दादा आता येणार नाही."

त्यातला 'दादा' तेवढा त्याला कळला. कान उभे राहिले, आणि त्याची शेपटी आनंदाने तारांवर आपटायला लागली.