चौसष्ट की पासष्ट

पोलिसातल्या नोकरीतले बरेच गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळतात. एका रुपयाच्या चोरीचा हा गुन्हा मात्र लख्ख आठवतो.

फिर्यादी नारायण पेठेतले निवृत्त प्राध्यापक, घरात एकटेच राहणारे. ब्रिटिशकालीन चांदीचा दुर्मीळ रुपया कपाटातून गेला, अशी त्यांची तक्रार होती.

"एका रुपयासाठी फिर्याद?" ठाणे अंमलदाराने विचारले.

"दोन गेले असते तर आपण उठून उभे राहिला असता का?" प्राध्यापक म्हणाले.

मी त्यांना आत बोलावले, तेव्हा या छंदाचे गणित कळले. अशी नाणी तज्ज्ञ संस्थेकडे तपासायला पाठवतात. झीज, चरे, चमक पाहून संस्था सत्तरपैकी गुण देते आणि नाणे पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचे बंद करते. डबीवर गुण आणि क्रमांक असतो. नाण्याचा फोटो त्या क्रमांकासह संस्थेच्या संकेतस्थळावर राहतो. या रुपयाला चौसष्ट गुण होते.

"पासष्ट असते तर किंमत कित्येक पट झाली असती," प्राध्यापक म्हणाले.

"एका गुणाने?"

"चौसष्टवाला सापडतो. पासष्टवाला शोधावा लागतो."

त्यांचा संशय पोळ्या करायला येणाऱ्या बाईंवर होता. बाई मूळच्या वऱ्हाडातल्या, धायरीहून बसने येत. त्याच गल्लीतल्या आणखी तीन घरी त्यांचे काम होते. आम्ही जबाबाला बोलावण्याआधीच प्राध्यापकांनी गल्लीत तोंड उघडले होते. तिन्ही घरांनी बाईंना कामाला येऊ नका म्हणून कळवले.

बाई जबाब देताना रडल्या नाहीत. "साहेब, मले त्या डबीतलं काय समजते? घ्याचंच असतं तं देवघरातली चांदीची वाटी काऊन ठेवली असती?"

मुद्दा बिनतोड होता. पंचनाम्यात वाटी जागेवर होती आणि कपाटातली बाकी नाणीही होती. चोराने नेमके एकच नाणे उचलले होते. पण मुद्द्याने बाईंची कामे परत मिळणार नव्हती. त्यासाठी चोरच हवा होता.

रुपयाचा फोटो आम्ही नाणेविक्रेत्यांना देऊन ठेवला होता, पण दोन-अडीच महिने काही हाती लागले नाही. मग एका दुपारी पेठेतल्या एका नाणेविक्रेत्याचा फोन आला. "साहेब, हातातलं काम टाकून या. सरांच्या रुपयाचा फोटो माझ्यासमोर आहे. फक्त नंबर दुसरा आहे."

त्याच्या मोबाइलवर कोणीतरी विक्रीसाठी पाठवलेला फोटो होता. डबी नवी, क्रमांक नवा, गुण पासष्ट. त्याने संकेतस्थळावरचा जुना फोटो काढून शेजारी धरला. राणीच्या मुकुटामागे तोच निळसर डाग, सालाखाली तोच तिरका चरा.

"डबी फोडायची आणि नाणं नवं म्हणून पुन्हा पाठवायचं," विक्रेता म्हणाला. "जुना नंबर सुटतो. नशीब असलं तर गुणही वाढतो."

साधा चोर चांदीच्या भावाने विकून मोकळा झाला असता. नाणे पुन्हा परीक्षेला बसवणारा माणूस छंदातलाच हवा. फोटो पाठवणाऱ्याचे नाव प्राध्यापकांनी मला पुन्हा सांगायला लावले. तो त्यांचा जुना मित्र होता, निवृत्त अभियंता. दर रविवारी त्यांच्याकडे चहा आणि नाणी, हा त्याचा नेम.

ठाण्यात तो अगदी शांत होता. "जुन्या बाजारात घेतलंय मी, कधीच. टाकसाळीतून असे ढिगाने रुपये निघाले. डाग काय, माझ्याही हातावर आहेत."

नुसत्या फोटोंवर कोर्टात वाद रंगला असता. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. हवालदार नाण्याला "तो तुकडा" म्हणाला की याच्या कपाळावर आठी पडे. चोरीच्या आरोपाने न हललेला माणूस नाण्याच्या अपमानाने हलत होता. मी दोन्ही फोटो त्याच्यासमोर ठेवले.

"संस्थेला कळवतोय आम्ही. पासष्ट चुकून दिलेत. नाणं चौसष्टाचंच आहे."

"कोण म्हणतं?"

"प्राध्यापक."

"त्याला काय कळतंय!" तो ताडकन उठला. "पहिल्या वेळी तपासणाऱ्यांनी नीट पाहिलंच नव्हतं! मी तेव्हाच त्याला म्हटलं, डबी फोड, परत पाठव, हे पासष्टच आहे! ऐकतोय कसला! शेवटी..."

तो पुन्हा खुर्चीत बसला.

"शेवटी काय?" मी विचारले.

त्याने पाणी मागितले. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "शेवटी मीच पाठवलं. आणि पासष्टच आलं की नाही?"

नाणे आणि फुटलेली जुनी डबी त्याने स्वतः घरातून काढून दिली. मुद्देमाल पूर्ण झाला.

पुढे कोर्टाच्या आदेशाने नाणे प्राध्यापकांच्या ताब्यात मिळाले. मी म्हटले, "चोराने किंमत वाढवून दिली तुमच्या नाण्याची." ते हसले नाहीत. त्यांनी बाईंचा पत्ता विचारला. मी पत्ता दिला नाही, बाईंनाच ठाण्यात बोलावले.

प्राध्यापक हात जोडून म्हणाले, "चुकलो मी. उद्यापासून कामाला या."

"तुमच्या घरचं मंग पाहू," बाई म्हणाल्या. "आधी त्या तीन घरी चला. मी मागं उभी राहतो, तुम्ही बोला."

ते गेले. भर दुपारी एकेका दाराची बेल त्यांनी वाजवली आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हटले: "चोर माझा मित्र होता, बाईंवर मी खोटा आळ घेतला." दोन घरांनी बाईंना लगेच आत घेतले. तिसऱ्या घरातून उत्तर आले, "आता दुसरी ठेवलीय आम्ही."

चौकशीत माणूस कशाचा अभिमान धरतो ते आधी शोधावे, हे या गुन्ह्याने मला शिकवले. दुसरी गोष्ट त्या तिसऱ्या दाराने शिकवली. त्यानंतर माझ्या ठाण्यात कोणीही संशयिताचे नाव सांगायला आले की मी आधी एकच विचारत असे: "गल्लीत किती जणांना सांगून आलात?"