पुठ्ठ्यावरचे स्क्रू

दूर पूर्वेकडच्या एका बेटावर, ला पाझच्या बाजारामागे सेल्सो सुमागायसायचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, एक काउंटर, गिऱ्हाइकांसाठी एक बाक, डोक्यावर लोंबणारा दिवा आणि भिंतीवर कांदेलारिया मातेची तसबीर. तुम्ही लॅपटॉप पुढे केलात की सेल्सो आधी पुठ्ठा शोधतो. बिस्किटांच्या खोक्याचा, साबणाच्या खोक्याचा, कसलाही चालतो. त्यावर तो तुमच्या लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढतो, जिथे जिथे स्क्रू आहे तिथे टोच्याने भोक पाडतो, आणि मग एकेक स्क्रू काढून आपापल्या भोकात खोचून ठेवतो. आतल्या पंख्यासाठी वेगळा पुठ्ठा. नऊ स्क्रू काढायला त्याला वीस मिनिटं लागतात.

"मनोंग, लॅपटॉप दुरुस्त करताय की पोरीच्या लग्नाचं भरतकाम?" शेजारचा मासेवाला रोज विचारतो. थोरल्या भावाला म्हणतात तसं अख्खा बाजार त्याला मनोंग म्हणतो.

"भरतकामच. घाई असेल त्याने पुढच्या गल्लीत जावं."

आणि गिऱ्हाइकं जातातही पुढच्या गल्लीत. बाजारात म्हणतात, म्हातारा झाला, हात थरथरत असतील, दुसरं काय. पण सेल्सोचे हात अजून मुळीच थरथरत नाहीत. सात वर्षांपूर्वी तर त्या हातांची अख्ख्या ला पाझमध्ये ख्याती होती.

तेव्हा सेल्सोकडे पुठ्ठा नव्हता. सार्डिनच्या डब्याचं एक झाकण होतं. त्यात लांब, आखूड, जाड, बारीक, सगळ्या स्क्रूंचा काला. "बोटांना कळतं कुठला कुठे जातो ते. डोळे कशाला शिणवायचे?" असं म्हणायचा. लॅपटॉप बंद करताना त्याची नजर समोरच्या टीव्हीवरच्या बास्केटबॉलवर असायची आणि तोंडाने पंचाचा उद्धार चाललेला असायचा. लोक मुद्दाम बघायला थांबत, आणि त्यांनी वाहवा केली की स्वारी आणखी फुगायची. आता माणसाला चार लोकांनी डोक्यावर घेतलं की खाली बघायची सवय जाते, त्यात सेल्सो काही जगावेगळा नव्हता.

त्या वर्षी मार्चच्या उकाड्यात आनालिन आली. रुबेन गाल्येगोची मुलगी, सतरा-अठराची. रुबेन जहाजावर, इंजिनाच्या खोलीत तेलपाणी बघणारा. नऊ महिने समुद्र, दोन-तीन महिने घर. पोरीला समुद्रापलीकडच्या सेबू शहरात कॉलेजात अ‍ॅनिमेशन शिकायचं होतं. प्रवेशासाठी स्वतः केलेली चार मिनिटांची फिल्म द्यावी लागायची, आणि तेवढं काम साध्या लॅपटॉपला झेपेना. "चित्रं हलवून पोट भरतं का गं?" असं म्हणत म्हणत का होईना, रुबेनने एका खेपेची शिल्लक मोडून तिला गेम खेळणारे घेतात तसला दणकट लॅपटॉप घेऊन दिला होता. पाटाएवढा जड, बटणांखाली लाल दिवे. पोरगी त्याला तान्ह्या बाळासारखी जपायची. कोणी सांगितलं नव्हतं, तरी खाऊचे पैसे साठवून ती आपणहून तो साफ करायला घेऊन आली होती.

"मनोंग, गरम होतोय जरा. धूळ साचली असेल."

"ठेव. तासात ये. की बसतेस बघत?"

"तुम्ही आहात ना! बघायचं काय त्यात? मी समोर वाडगाभर बाचोय नूडल्स खाऊन येते."

सेल्सोने लॅपटॉप उघडला, पंखा काढून झाडला, चिपांवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, आणि बंद केला. टीव्हीवर सामन्याची शेवटची दोन मिनिटं चालली होती. कुठला स्क्रू कुठे घातला ते त्याला आजही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की चेंडू कड्यावरून दोनदा फिरला आणि बाहेर पडला.

"झालं, इंदाय. पाच वर्षं बघायला नको," लेकीला हाक मारावी तसं तो तिला म्हणाला होता.

सात आठवड्यांनी ती परत आली, बरोबर रुबेन. त्याला परत जहाजावर जायला बारा दिवस उरलेले, आणि फिल्म द्यायला तीन आठवडे उरलेले. लॅपटॉपच्या स्क्रीनवर हिरव्या-जांभळ्या रेघा येत होत्या, आणि जरा जड काम सुरू केलं की स्क्रीन काळी ठिक्कर.

बाप-लेक बाकावर बसले. सेल्सो कामाला लागला, आणि काम त्याने नीट केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. आधी बाहेरचा मॉनिटर जोडला. रेघा तिथेही आल्या. "म्हणजे स्क्रीन शहाणी आहे, वेड डोक्यात आहे," तो म्हणाला, आणि आनालिन हसली. मग मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या. रेघा तशाच. मग ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर काढून नव्याने घातलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो सांगू लागला की माझ्या पोटात ग्राफिक्स कार्ड नावाची वस्तूच नाही. आता उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पंख्याला तीन स्क्रू. दोन सहज आले. तिसरा अडला, आणि शेवटी निघाला तो निघतच राहिला. लांब होता. स्क्रीनच्या बिजागरीचा स्क्रू होता तो. तिकडे बिजागरीच्या भोकात पंख्याचा आखूड स्क्रू नुसता लटकत होता. लांब स्क्रूचं टोक बोर्डात घुसलं होतं आणि ग्राफिक्सच्या चिपेशेजारी मसुराएवढा तपकिरी डाग पडला होता. रोज थोडं तापत, थोडं रुतत, सात आठवड्यांनी तिथे शॉर्ट झालं होतं.

हे कोणी केलं ते सेल्सोला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याची पाठ बाकाकडे होती. त्याने स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला.

"काय झालंय, मनोंग?" रुबेनने विचारलं.

"कार्ड जळलंय."

"जळलं? कशानं?"

इथे सेल्सोच्या तोंडून जे निघालं ते ठरवून निघालं नव्हतं. तो स्वतःची अशीच समजूत घालतो, आणि ते खरंही असेल. पण निघालं ते निघालंच. "उष्णता. या गेमच्या लॅपटॉपांचं असंच असतं. तासन् तास खेळत बसलं की..."

रुबेन वळून पोरीकडे बघायला लागला.

"मी खेळत नव्हते, ताताय! फिल्मचं काम चालायचं. आणि गरम होऊ नये म्हणून तर मी साफ करून घेतला होता. याच मनोंगांकडून! मनोंग, सांगा ना. तुम्हीच म्हणालात ना, पाच वर्षं बघायला नको?"

तिने त्याच्याकडे साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं. सेल्सो खाली बघून स्क्रूड्रायव्हर पुसत बसला.

"साफ केलेला, इंदाय," तो म्हणाला, "पण त्यालाही मर्यादा असते."

"पुरे," रुबेन म्हणाला. आवाजही चढवला नाही त्याने. "मी नऊ महिने भट्टीत उभा राहतो, आणि तू माझ्या तोंडावर खोटं बोलतेस. कार्ड बदलायचं नाही, सेबू नाही, काही नाही. नर्सिंगचा फॉर्म भरलेला आहे, तिथे जायचं." आनालिन रडली नाही. ती सेल्सोकडे बघत होती, आणि तो काही बोलेल म्हणून थांबली होती.

संध्याकाळी जेवताना सेल्सोने बायकोला सगळं सांगितलं. दिलिया तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी तिने ताट बाजूला सारलं.

"चूक बोटांनी केली, सेल्सो. ती देव माफ करील. खोटं तू बोललास. उद्या उठून जा आणि सांग."

"अगं, बाजारात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"आणि त्या पोरीला घरात तोंड दाखवायला जागा राहतेय का?"

सांगायचं कसं, या विचारात त्याचे चार दिवस गेले. नवा बोर्ड आपल्या खर्चाने घालून द्यावा, असंही मनात आलं. पण रुबेन विचारणार, फुकट का? याचं उत्तर त्या स्क्रूपाशीच येऊन थांबत होतं. पाचव्या दिवशी डझनभर आंबे घेऊन तो रुबेनच्या घरी गेला. रुबेनने त्याला हाताला धरून आत नेलं, खुर्ची दिली, फणस घातलेलं डुकराचं कालवण आणि भात वाढायला लावला.

"खरं सांगू, मनोंग? दुसरा कोणी असता तर नवं कार्ड माझ्या गळ्यात मारून मोकळा झाला असता. तुम्ही तोंडावर खरं सांगितलंत. जहाजावर जाणाऱ्याला घरी असा एक माणूस लागतो, ज्याच्या शब्दावर डोळे मिटून जाता येतं."

वाढायला आनालिनच आली होती. तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि आत गेली. सेल्सोने ते सगळं जेवण जेवलं. खिशात स्क्रू होता. घास घशाखाली उतरत होता आणि शब्द मात्र वर येत नव्हता. जाताना रुबेनने उरलेलं कालवण डब्यात भरून दिलं, ते त्याने घेतलं. याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटते. खोट्यापेक्षाही त्या डब्याची.

रुबेन जहाजावर गेला. जूनमध्ये आनालिन पांढरा गणवेश घालून जीपनीत बसताना दिसली. दुसऱ्या दिवशी सेल्सोने सार्डिनचं झाकण फेकलं आणि पहिला पुठ्ठा कापला. दिलिया म्हणाली, "पुठ्ठे कापून काय होणार?" ते त्यालाही ठाऊक होतं. तरी सात वर्षं तो कापत राहिला. लांब स्क्रू कांदेलारिया मातेच्या तसबिरीखाली काचेच्या छोट्या पेल्यात ठेवला. रोज दिसत असे.

गेल्या ऑगस्टमध्ये एका दुपारी काउंटरवर कोणीतरी पातळ, चंदेरी लॅपटॉप ठेवला.

"पंखा आवाज करतोय, मनोंग."

आनालिनच होती. इस्पितळातल्या ड्यूटीवरून थेट आलेली, केस घट्ट बांधलेले. परवा कॅनडाच्या इस्पितळाची मुलाखत होती, लॅपटॉपवरूनच. नोव्हेंबरपर्यंत जाणं होईल म्हणाली. सेल्सोने सवयीने पुठ्ठा हातात घेतला, आणि खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण सात वर्षं तेच चांदणं बघून माणूस थकतोही. त्याने पेला उपडा केला आणि स्क्रू तिच्यासमोर ठेवला.

"इंदाय, तुझा तो लॅपटॉप... खेळून जळला नव्हता."

"माहीत आहे."

सेल्सोने वर बघितलं.

"नर्सिंगच्या पहिल्या वर्षी सुट्टीत मी उघडला होता. तातायच्या स्क्रूड्रायव्हरने. पंख्याला दोनच स्क्रू, तिसऱ्या भोकाशी जळका डाग, आणि पंख्याचा स्क्रू बिजागरीत. कोणालाही कळलं असतं."

"मग बोलली का नाहीस? माझ्या दारात येऊन चार शिव्या घालायच्या!"

"कोणाला बोलू? ताताय म्हणाले असते, स्वतः खेळून जाळलास आणि आता भल्या माणसावर आळ घेतेस." ती जराशी हसली, पण ते हसू सेल्सोसाठी नव्हतं. "मी वाट बघत होते, मनोंग. दर रविवारी तुम्ही चर्चमध्ये दिसायचात. वाटायचं, आज बाहेर आले की सांगतील तातायला फोनवर. वर्षभर वाटायचं."

"आणि मग?"

"मग वाटायचं थांबलं."

सेल्सोचे डोळे भरून आले. माफ कर म्हणावं, तर तेवढा लहानसा शब्द त्या पोरीसमोर ठेवायची त्याला हिंमत होईना. शेवटी म्हणालाच. तिने मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच.

"रुबेन कधी येतोय?"

"डिसेंबरमध्ये. मी तोवर गेलेली असेन." तिने स्क्रू बोटाने त्याच्याकडे सरकवला. "हा तुमच्याकडेच ठेवा. तातायला दाखवायचा असेल तर तुम्ही दाखवा. माझ्याकडून त्यांना कळणार नाही. अजून सगळ्यांना सांगतात ते, ला पाझमध्ये खरं बोलणारा एकच माणूस आहे म्हणून."

मग तिने चंदेरी लॅपटॉप पुढे केला. सेल्सोने पुठ्ठ्यावर चित्र काढायला घेतलं. एक रेघ वाकडी आली, ती खोडून परत काढली.

"बस, इंदाय. मला वेळ लागतो आता. हवं तर समोर बाचोय खाऊन ये."

"नको. बघते मी."

ती बाकावर बसली नाही. पर्स काउंटरवर ठेवून उभी राहिली, आणि पंखा साफ होऊन नववा स्क्रू आपल्या जागी बसेपर्यंत तिने त्याच्या हातांवरची नजर काढली नाही.